कठडा संपतो तिथे

९ जानेवारी

भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, म्हणजे माझं अर्धं काम झालं. फोडलं नसशील तर पुढचं सगळं मी टेबलाशी बोलतेय असं समजू. टेबल निदान मध्येच उठून जात नाही.

कामाचं सांगते. विधी महाविद्यालयातल्या एक प्राध्यापिका मागच्या आठवड्यात माझ्या प्रयोगशाळेत आल्या. सार्वजनिक इमारतींच्या जिन्यांचे नवे नियम व्हायचे आहेत आणि त्यांचा मसुदा या बाई करताहेत. आम्ही सगळे त्यांना वकीलबाई म्हणतो. त्यांच्या जोडीला अर्थशास्त्राचा एक तरुण संशोधक आहे. जिन्यावरून पडणारा माणूस एक असतो, पण त्याच्यापायी घरातल्या किती जणांचे किती दिवस वाया जातात, हे तो मोजतो. म्हणून मी त्याचं नाव दिवसमोजे ठेवलंय. त्यालाही ते आवडलेलं दिसतं, कारण परवा फोनवर त्याने स्वतःच "मी दिवसमोजे बोलतोय" म्हटलं.

तर या दोघांनी मसुद्याचा पाया म्हणून आपला कठड्यावरचा शोधनिबंध धरलाय. आपला म्हणायचा की माझा, ते तू ठरव. छापला तेव्हा त्यावर तुझं नाव नव्हतं, ते तूच काढायला लावलं होतंस. वकीलबाईंना मूळ फॉर्म बघायचे आहेत, तू वॉर्डात बसून पेशंटना विचारून भरलेले. तीनशे बारा माझ्याकडे आहेत, कपाटावर, तीन खोक्यांत. शेवटच्या सहा महिन्यांचे तू बरोबर नेलेस. असतील तर पाठव, नसतील तर तसं कळव. एवढंच.

आई बरी आहे. रविवारी ती तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा मी कुंड्यांना पाणी घालायला जाते, हे तिने तुला सांगितलंच असेल. नऊ वर्षं दर रविवारी जास्तीचं पाणी पिऊन माझी दोन झाडं कुजली.

ताई

२३ जानेवारी

भिंगरी,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नव्हते, पण टपाल आलं की खाली मीच जाते.

खोकी काढली. वरच्या खोक्यात पालीची अंडी होती, बाकी सगळं जसंच्या तसं. तुझं ते डॉक्टरी अक्षर, औषधाच्या दुकानदाराने हात जोडावेत असं. पण या फॉर्मवर मात्र तू सुवाच्य लिहिलं आहेस. हे मला तेव्हा कधी जाणवलं नव्हतं.

वकीलबाई माझ्या टेबलाच्या पलीकडे बसून एकेक फॉर्म वाचत होत्या. ही बाई वाचताना ओठ हलवते आणि कुणाशी बोलत नाही. तासाभराने त्यांनी विचारलं, "हा 'नेमके कुठे पडले' असा रकाना आहे. तो तुमच्या निबंधात कुठेच कसा नाही?"

मी सांगितलं की तो अर्ध्याअधिक फॉर्मवर रिकामा होता, म्हणून वगळला.

"अर्ध्याअधिक म्हणजे किती?"

मोजून सांगते म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा फॉर्म घेतला. वकील माणसाची ही तऱ्हा वाईट. प्रश्न विचारून गप्प बसतात आणि मग आपल्यालाच घसा खाकरावासा वाटतो.

बाकी माझं उत्तम चाललंय. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. मला कोपऱ्यातली दोन खिडक्यांची खोली मिळाली आहे. विद्यार्थी मला घाबरतात, पण चहाला बोलावतात, म्हणजे प्रमाण ठीक आहे. संस्थेच्या सल्लागार मंडळावर पुढच्या वर्षी माझं नाव जाईल असं विभागप्रमुख म्हणाले. तुला सांगायचं काही कारण नव्हतं, पण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर बढाई वाटेल.

ताई

४ फेब्रुवारी

भिंगरी,

मोजले. तीनशे बारांपैकी एकेचाळीस रिकामे आहेत. दोनशे एकाहत्तर भरलेले.

अर्ध्याअधिक रिकामे आहेत असं मी नऊ वर्षांपूर्वी त्या बैठकीत अकरा माणसांसमोर सांगितलं होतं. तेव्हाही मी मोजले नव्हते. मोजायचे नव्हते, असं लिहायला हवं. लिहिते: मोजायचे नव्हते.

भरलेल्यांपैकी एकशे त्रेसष्ट फॉर्मवर तू एकच गोष्ट लिहिली आहेस. शेवटची पायरी. शेवटची किंवा तिच्या आधीची. आणि कंसात पेशंटचे शब्द. "संपला वाटला जिना." "धरायला काही नव्हतं." एका आजींचं तर, "हात संपला." हे दोन शब्द मी तीनदा वाचले. जिना संपायच्या आधी हात संपतो, कारण कठडा खालच्या जमिनीपर्यंत येतच नाही. एक पायरी आधीच थांबतो. का थांबतो, हे तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक. खाली जमिनीवर खांब आला की त्याला ट्रॉल्या धडकतात, म्हणून बांधणारे शेवटचा खांब वरच्याच पायरीवर रोवतात आणि कठडा तिथे संपवतात. मी इंजिनीयर आहे. असे शेकडो कठडे मी डोळ्यांनी बघितले आणि ते मला दिसले नाहीत.

तू तेव्हा हेच सांगत होतीस. माझं कठड्याच्या उंचीचं गणित तू खोटं म्हटलंच नव्हतंस. "ताई, उंची नंतर. आधी तो खालपर्यंत ने," एवढंच म्हणालीस. आणि मी म्हणाले, "तू पेशंट बघ. आकडे मला बघू दे. गोष्टी छापत नसतात." तू पेनाला टोपण लावलंस आणि निघून गेलीस. दार आपटलं असतंस तर मला राग तरी आला असता.

आता मी असं का केलं ते सांगते. पहिल्या पत्रापासून मी यालाच वळसा घालतेय. तीन वर्षं मी प्रयोगशाळेत कठडा उभारून, त्यात दाब मोजणारी यंत्रं बसवून, लोकांना वरखाली चालवत होते. कठड्याची योग्य उंची मी शोधून काढली होती. ती बरोबरही आहे, आजही. पण ते लहानसं खरं होतं. तू एका स्टुलावर बसून, साध्या पेनाने, पडलेल्या माणसाला "काय झालं हो?" असं विचारून मोठं खरं शोधलंस. माझ्या धाकट्या बहिणीने. तेही फावल्या वेळात. मला ते सोसलं नाही.

अजून एक आहे. काल आईला डोळे तपासायला नेलं होतं. तो दवाखाना नवा आहे, माझ्या निबंधानंतर बांधलेला. कठडा बघूनच ओळखला मी, माझीच उंची, सेंटिमीटरला सेंटिमीटर. येताना आई उतरत होती. शेवटच्या पायरीवर आली आणि थांबली. कठडा संपला होता. तिने हात भिंतीला लावला, भिंत चाचपली, मग पाय टाकला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही गं, हे नेहमीचंच. इथे जरा विचार करून पाय टाकावा लागतो. तुला नाही कळायचं, तुला अजून गुडघे आहेत."

तिथे किती जणांनी भिंत चाचपली असेल आणि किती जणांना ती सापडली नसेल, ते मला माहीत नाही. दिवसमोजे म्हणतो, काढता येईल. काढ म्हटलंय.

हे पत्र मी परत वाचणार नाही. वाचलं तर टाकणार नाही.

ताई

२६ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं खोकं पोचलं. आत ऐंशी फॉर्म आणि वर एक चिठ्ठी: "मोजून पाठवते आहे, ऐंशी आहेत. आईच्या डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना?" नऊ वर्षांनी आलेलं तुझं पहिलं पत्र आणि त्यात माझ्यावर संशय. मला फार बरं वाटलं. थेंब वेळेवर घालते.

तुझ्या ऐंशींतही तेच निघालं. तू ते फॉर्म दुसऱ्या गावी गेल्यावरही जपून ठेवलेस हे बघून मी वकीलबाईंसमोर नाक शिंकरलं. त्यांनी रुमाल पुढे केला आणि पुन्हा वाचायला लागल्या.

आता माझ्यापुढचा पेच ऐक. जिन्यांचे नियम ठरवणाऱ्या समितीपुढे अठरा मार्चला माझी साक्ष आहे. विभागप्रमुखांना मी सगळं सांगितलं. भला माणूस आहे, माझ्या हिताचंच बोलला. म्हणाला, जुन्या निबंधाला हात लावू नका, नवा लिहा. पुढील संशोधनात असे आढळून आले, म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. कुणाचं काही बिघडत नाही, नियमही सुधारेल आणि सल्लागार मंडळाचंही अडणार नाही.

मी तो निबंध लिहायला घेतला. "पुढील संशोधनात असे आढळून आले" हे वाक्य लिहून झालं. चांगलं, स्वच्छ वाक्य आहे. त्यात तू नाहीस. त्या वाक्याप्रमाणे हे सगळं मला यंदा फेब्रुवारीत आढळलं.

दिवसमोजेने त्याचं काम आणून दिलं. त्या डोळ्यांच्या दवाखान्यात तो उघडल्यापासून जिन्यावरून पडून ज्यांची हाडं मोडली, असे सत्तावीस जण त्याला सापडले. तो त्यांच्या घरी गेला होता. त्याच्याकडे तक्ता आहे, पण मला त्याने तक्ता न दाखवता एका घरचं सांगितलं. आजोबा पडले, खुबा मोडला. सूनबाईंची प्रयोगशाळेतली नोकरी होती, ती त्यांनी सहा महिन्यांसाठी सोडली. ते सहा महिने काही संपले नाहीत. आजोबा आता कुबडी घेऊन चालतात, सूनबाई मात्र घरीच आहेत. दिवसमोजे म्हणाला, "मॅडम, असे दिवस मोजायला माझ्याकडे रकाना नाही. किती वर्षं धरायची?"

 मी घरी येऊन ते स्वच्छ वाक्य खोडलं.

ताई

१९ मार्च

भिंगरी,

काल झालं एकदाचं.

खोली लांबट, टेबल त्याहून लांब. समितीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश, ऐकू कमी येतं, म्हणून सगळ्यांनी मोठ्याने बोलायचं. आपली चूक कबूल करायची आणि तीही ओरडून, याचा सराव मला नव्हता.

आधी आकडे मांडले, उंचीचे आणि जागेचे, दोन्ही. मग अध्यक्षांनी चष्मा वर करून विचारलं, "हे जर इतकं स्पष्ट आहे, तर तुमच्या पहिल्या निबंधात का नव्हतं?"

"मी काढून टाकलं म्हणून."

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून मी तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. ऐकू आलं होतं. खोलीत सगळ्यांनाच दोनदा आलं.

"आणि ही माहिती गोळा कोणी केली?"

"माझ्या बहिणीने. ती डॉक्टर आहे. तिने हे मला नऊ वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

विभागप्रमुख मागच्या खुर्चीवर होते. मी वळून बघितलं नाही.  

मग खरी लढाई. बांधकाम करणाऱ्यांचे प्रतिनिधी उठले आणि म्हणाले, खाली खांब आला की ट्रॉल्या अडकणार, हे व्यवहारात बसत नाही. मी फळ्याकडे गेले. खांब हवाच कशाला, कठडा भिंतीवरून पुढे आणायचा आणि टोक वाकवून भिंतीतच घुसवायचं, म्हणजे ट्रॉलीला काही लागणार नाही आणि कुणाची बाहीही अडकणार नाही. चित्र काढलं. त्या गृहस्थांनी ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, सांगायचं काम माझं होतं.

शेवटी शब्दांवर गाडं अडलं. कुणीतरी सुचवलं, "कठडा पुरेसा लांब असावा." वकीलबाई उठल्या. त्या म्हणाल्या, "'पुरेसा' लिहिलंत तर पुरेसा म्हणजे किती यावर दहा वर्षं खटले चालतील आणि तोवर माणसं पडत राहतील." मग त्यांनी पिशवीतून एक फॉर्म काढला. तुझा, ऐंशींतला. त्याच्या खाली तू कुणासाठी तरी लिहून ठेवलं होतंस: "कठडा पायरीआधी संपू नये." बाईंनी ते वाचून दाखवलं. अध्यक्षांना एकदाच वाचून ऐकू आलं. मग पुढे सेंटिमीटर आले, पोटकलमं आली, पण नियमाचं पहिलं वाक्य तेच आहे. तुझं. शब्दसुद्धा बदललेला नाही.

सल्लागार मंडळाचं बहुधा बारगळेल. विभागप्रमुख जाताना एवढंच म्हणाले की तुम्ही फार मोठ्याने बोललात. जिथे निबंध छापला होता त्या नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र आज सकाळी पाठवलं. त्यात मी "नजरचुकीने" हा शब्द घातला होता, तो काढला.

घरी आले, आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "म्हणजे आता रविवारी पाणी घालायला जायचं नाही ना?"

ताई

७ मे

भिंगरी,

फोनवर आपण दोघी किती वाईट बोलतो. नऊ वर्षं साठलेलं बोलायला मिळालं तर तू मला तुझ्या कामवालीच्या मुलीच्या परीक्षेचं सांगितलंस आणि मी तुला घरातला नळ गळतो ते. आई मध्ये बसून ऐकत होती आणि आपण फोन ठेवल्यावर म्हणाली, हे तर तुम्हाला मीच सांगत होते इतकी वर्षं.

पण मग तू फोन ठेवता ठेवता म्हणालीस ना, की त्या बैठकीतून निघून गेलीस त्याचा तुला पश्चात्ताप नाही, पण परत आली नाहीस त्याचा आहे, त्याचं उत्तर इथे लिहिते. परत यायला मी दार उघडं ठेवलंच नव्हतं. तू त्याचा बोजा घेऊ नकोस, माझा मला पुरे आहे, आणि खरं सांगायचं तर आता तो फार जड नाही.

नव्या निबंधाबद्दल. तुझं नाव पहिलं. त्यावर तू पाठवलेले दोन कागदांचे आक्षेप वाचले. "ताई आहेस म्हणून तू पहिली" हे शास्त्रीय कारण नाही. वकीलबाईंना पंच नेमलं, त्यांनी तुझ्या बाजूने निकाल दिला, म्हणजे तुझ्या विरुद्ध. वकीलबाई तिसऱ्या, दिवसमोजे चौथा आहे आणि खूश आहे. त्या सूनबाईंना त्याने आमच्या कामावर माहिती गोळा करायला घेतलंय. घरोघरी जाऊन त्याच विचारतात. लोक त्यांना जे सांगतात ते आम्हाला कुणाला सांगणार नाहीत. नवा रकानाही त्यांनीच सुचवला: "तुमच्यासाठी घरी कोण थांबलं?"

तिसऱ्या पानावर तू माझी तीन वाक्यं खोडून एक केलंस. मी रागावून ती परत घातली. रात्रभर झोपले, सकाळी तुझं एक ठेवलं. पण स्वल्पविराम माझा आहे.

ताई

२८ जून

भिंगरी,

तू परवा गेलीस. चार दिवसांत आपण दोघींनी अकरा जिने मोजले. तुझी मोजपट्टी इथेच राहिलीये. पाठवत नाही, न्यायला ये.

आज एकटीच डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. आपण गेलो तेव्हा काम अर्धवट होतं, ते पूर्ण झालंय. कठडा आता भिंतीच्या कडेने खाली येतो, शेवटच्या पायरीच्या पुढे हातभर जातो आणि मग वळून भिंतीत शिरतो. जोड दिसतो, नवं पोलाद जुन्याहून जास्त चमकतं. मी समोरच्या बाकावर बसून राहिले.

तासाभरात पुष्कळ लोक उतरले. मग एक आजोबा आले, एका डोळ्यावर पट्टी, हातात फाइल. वरून खालपर्यंत हात कठड्यावर. जुना भाग संपून नवा सुरू झाला तिथे त्यांचा हात थांबला नाही. शेवटच्या पायरीवरही नाही. जमिनीवर पाय आला, मग त्यांनी हात सोडला आणि माझ्याकडे बघून विचारलं, बाहेर जायचं दार कुठल्या बाजूला.

मी म्हटलं, डावीकडे.

ते गेले.

ताई